तुंबाड पिक्चर पाह्यला अन् आजी म्हणे "हे तर पेत हाय" : तण्हेवर, म्हणजे कधी न भागणाऱ्या हावेवर, थोडं बोलू (शेवट फुटलेला हाय, ज्यानं पाह्यला नसन त्यानं आधी पाहून घ्यावा)

वावरातला :

जय भीम, नमस्कार सगळ्यायले. धागा लांबणार हाय, आधीच सांगून ठेवतो. तीन दिवसापासून झड लागून हाय, फवारणी बंद, डवरणी बंद, वावरात पाय टाकला तर गुडघ्याएवढा चिखल, म्हणून टाइमच टाइम हाय.

आमचं गाव आर्णीच्या अलीकडं. आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू हाय, रोज संध्याकाळी साडेसातले बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असते. बाया जास्त, माणसं कमी, पोट्टे तर बोलूच नका. तर मागच्या रविवारी पोट्ट्यायनं डोकं लावलं, म्हणे वाचन झाल्यावर समाजमंदिराच्या पडवीत पिक्चर लावू, मंग वाचनालेबी येऊ. एकाचा मावसभाऊ लग्नाची शूटिंग करते, त्याच्याकडून प्रोजेक्टर आणला, पांढरी चादर बांधली अन् लावला तुंबाड. काहून तर म्हणे पावसाचा पिक्चर हाय, पावसात पाह्यला पायजे. अन् खरंच सांगतो, पडद्यावर पाऊस, बाहेर टिनावर पाऊस, अर्धा टाइम कोणता आवाज कोणता तेच समजे ना. पिक्चरची गोठ अशी का विनायक नावाचा माणूस तुंबाडच्या वाड्यातल्या विहिरीतून देवीच्या पोटात उतरते, तठी कोंडलेल्या हस्तर नावाच्या लाल भुताले कणकेची बाहुली देते अन् त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा चोरते.

माही आजी बसली होती. वय पंच्याऐंशीच्या आसपास, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी हाय. १९५६ ले बापासोबत नागपूरले गेली होती दीक्षेले, पांढरं लुगडं नेसून, ते ती अजून सांगते. तिले हिंदी अर्धी समजते. ती साखळीनं बांधलेली म्हातारी आली तवा पोट्टे किंचाळले, दोनतीन लहाने लेकरं उठून पळाले, अन् आजी शांतपणे इचारते, "तिले बांधून कायले ठेवलं? मराले बी देत नाही का?"

शेवटी लाइट लावला तवा सगळे चुप. आजीच बोलली. "त्या लाल भुताले पीठ पायजे, याले मोहरा पायजे. पोट दोघायचं भरत नाही. हे तर पेत हाय, दोघंबी." पेत म्हणजे प्रेत, पण मढं नव्हे बरं, आमच्याकडं एक भंते यायचे पूर्वी, त्यायनं सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं, पोट मोठ्ठं अन् तोंड सुईच्या नाकाएवढं, कितीबी खाल्लं तरी उपाशीच.

तवापासून माह्या डोकशात तेच फिरून रायलं. विनायक दर खेपेले चारदोन मोहरा आणते, पुण्यात उडवते, परत जाते. पिक्चरभर तो माणूस एकदाबी म्हणत नाही का बाप्पा एवढ्यात भागते, आता बस. तुम्हाले काय वाटते, ज्यायनं पाह्यला असन त्यायनं लिवा.

बोंडअळी :

आमच्या गावात पंख्यापुरती लाइट नसते अन् तुम्ही प्रोजेक्टर लावून रायले 😄 पहिला पेत तर आमचा ट्रान्सफॉर्मर हाय, कितीबी वर्गणी खाल्ली तरी उपाशी.

सातपुडा :

वावरातले भाऊ, आजीला नमस्कार, पण मला हे पटत नाही. आपल्याकडं कोणताही पिक्चर आला की त्यात कुणी वेदान्त काढतो, कुणी बुद्ध काढतो. हा सरळसरळ भयपट आहे, फॅन्टसी आहे. सुरुवातीलाच गांधीजींच्या नावानं गरज आणि हाव असं एक वाक्य येतं, म्हणजे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं काय म्हणायचं ते. हस्तरही कुठल्या पुराणात शोधू नका, पिक्चरवाल्यांनी घडवलेला देव आहे. समृद्धीची देवी, तिच्या एका हातात सोनं, दुसऱ्या हातात धान्य, पहिलं लेकरू हस्तर, त्यानं सोनं घेतलं आणि धान्यालाही हात घातला तसे बाकीचे देव तुटून पडले. आईनं वाचवलं, पण अट अशी की तुझी पूजा कोणी करणार नाही. गोष्ट झकास आहे. पण बुद्ध त्यात आपण घालतोय.

मी १२ ऑक्टोबर २०१८ ला रिलीजच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीला पाहिला होता, थेटरात आम्ही बारा जण. मग १३ सप्टेंबर २०२४ ला तोच परत लागला तर हाउसफुल, पहिल्यापेक्षा जास्त कमावला म्हणे दुसऱ्यांदा. ती पण हावच की, निर्मात्याची नाही, आपली, मी दोन्ही वेळा गेलो.

निळी_पाटी :

सातपुडा सर, बुद्ध घालायची गरजच नाही, तो आधीच तिथे आहे असं मला वाटतं. मी नागपूरला पालीत एमए करतेय म्हणून मला सगळीकडे तेच दिसतं असंही असेल, हसू नका.

धम्मपदातली १८६ वी गाथा बघा: "न कहापणवस्सेन, तित्ति कामेसु विज्जति." कहापण म्हणजे कार्षापण, त्या काळातलं नाणं. नाण्यांचा पाऊस पडला तरी इच्छांची तृप्ती होत नाही. नाणी आणि पाऊस! पूर्ण पिक्चर एका ओळीत आहे. मी ही गाथा वर्गात पाठ म्हणून केली होती, तुंबाड पाहताना अंगावर काटा आला तो हस्तरमुळे नाही, हिच्यामुळे.

हीच गाथा मान्धात्याच्या जातकात येते. मान्धाता राजानं टाळी वाजवली की सात रत्नांचा पाऊस, गुडघाभर. त्यानं भागेना म्हणून स्वर्गात गेला, तिथं एका स्वर्गाचं राज्य मिळालं, मग त्याच्या वरच्या स्वर्गात गेला, इंद्रानं म्हणजे सक्कानं अर्धं राज्य दिलं. छत्तीस सक्क आले आणि गेले, हा तिथंच. आणि मग याच्या मनात काय आलं, तर अर्धं कशाला, सक्काला मारून सगळंच घेऊ. त्या विचारासरशी म्हातारपण आलं आणि स्वर्गातून खाली बागेत पडला, मेला.

आणि आजींनी ज्या म्हातारीबद्दल विचारलं ना, विनायक पंधरा वर्षांनी परत जातो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं, मुळं पसरलेली, आतलं काळीज अजून धडधडतंय. ३३८ वी गाथा आहे, मूळ शाबूत असेल तर तोडलेलं झाडही पुन्हा फुटतं, तसा तण्हेचा अनुशय, म्हणजे मनात खोल दबलेलं तिचं मूळ, उपटला नाही तर दुःख पुन्हा पुन्हा फुटतं. आपण दरवर्षी बांधावरची बाभूळ तोडतो आणि दरवर्षी ती येते, तसं. दिग्दर्शकानं गाथा वाचली असेल असं मी म्हणत नाही. पण मरण नाही आणि भूक संपत नाही, यालाच तर भवतण्हा म्हणतात, असण्याचीच तहान. तण्हा शब्दाचा अर्थच तहान आहे, वासना वगैरे नंतरचं.

कडूलिंब :

सर्वांना जय भीम. गाथा छान, आजी छान. पण मला यात एक मोठी गडबड दिसते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

आजी म्हणाल्या दोघंही पेत. मला ते मान्य नाही. विनायक पेत, शंभर टक्के. पण हस्तर? त्याला जन्मापासून काय मिळालं नाही? धान्य. त्यानं धान्य मागितलं म्हणून मार खाल्ला, नाव पुसलं गेलं, पूजा बंद, आईच्या पोटात कायमचा कोंडला गेला. सोनं त्याच्या लंगोटात भरलेलं आहे आणि तो त्याच्याकडं बघतही नाही, कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. ही हाव नाही भाऊ, ही भूक आहे. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, ज्यांचं नाव घेऊ नये असं पोथीत लिहून ठेवलं, त्यांनी भाकर मागितली की त्यालाच हाव म्हणायचं, हे आपल्याला नवीन आहे का?

म्हणून मला हे "इच्छा हेच दुःखाचं मूळ" सगळीकडं सारखं लावलेलं आवडत नाही. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच चार आर्यसत्यांबद्दल प्रश्न टाकलाय, जन्म दुःख, मरण दुःख, सगळंच दुःख असेल तर हा धम्म माणसाला आशा कुठून देणार, आणि हे मुळातलं आहे की मागून भिक्खूंनी घातलेलं. वर्षावासात वाचता ना, मग ते पान सोडून पुढं जाऊ नका.

उमरेडची सून :

कडूलिंब दादा बोलले ते पटलं, पण मी जरा दुसरीकडे जाते, माफ करा.

आमच्या सासरच्या गावात मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, वाडा होता. १९५१ ला मालगुजारी गेली, ते लोक नागपूरला निघून गेले, वाडा पडत पडत आता चार भिंती आणि एक विहीर. पिक्चरमध्ये शेवटी १९४७ येतं, वाडा सरकारजमा होणार म्हणून विनायकाला घाई सुटते ना, तेव्हा मला तोच वाडा दिसला. कारण आमच्या गावातली अर्धी पुरुष मंडळी तिथं कधी ना कधी रात्री खणून आलेली आहेत. गुप्तधन! अमावास्या धरायची, लिंबं, गुलाल, आणि एखादं पायाळू पोरगं शोधून आणायचं, म्हणजे पायाकडून जन्मलेलं, त्याला म्हणे जमिनीतलं दिसतं. आमच्या चुलतसासऱ्यांनी तर त्यापायी एक बैल विकला होता, खणून काय निघालं तर रांजणाचं खापर आणि एक गंजलेली कुलुपाची कडी. ती कडी अजून आमच्या गोठ्याच्या दाराला आहे, घट्ट बसते मात्र.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे प्रकार गुन्हा आहेत, आता उघडपणे कोणी करत नाही. पण मला प्रश्न पडतो तो पायाळू पोरांचा. त्यांना कोणी विचारत नव्हतं तुला यायचं का. पिक्चरमधला पांडुरंग, विनायकाचा पोरगा, पण तसाच, लंगडा पाय, लहान जीव, आणि बाप त्याला दोरावर चढाय-उतरायची प्रॅक्टिस देतोय, जसं आपण पोराला सायकल शिकवतो तसं मायेनं. ते बघून मला हस्तरपेक्षा जास्त भीती वाटली.

पाऊसवेडी :

उमरेडची सून, अगदी. मी हिंगणघाटजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि ते "बापानं मायेनं शिकवलेलं" मी रोज बघते. बाहुल्या जास्त नेल्या तर पूर्ण लंगोटच मिळेल ही आयडिया पांडुरंगाची आहे, लक्षात आहे ना? बापाच्या डोक्यात इतकी वर्षं आलं नाही ते पोराच्या डोक्यात येतं. हुशार पोरगं. आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर!

मला मात्र विनायकाच्या आईबद्दल कोणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. ती त्या म्हाताऱ्या सरकारची, म्हणजे वाड्याच्या मालकाची, सेवा करते, काय काय सोसते, आणि तिला हवं काय तर एक मोहोर. एक. एक पोर मेल्यावर ती दुसऱ्याला घेऊन वाडा सोडून निघते आणि परत यायचं नाही अशी शपथ घालते. तिला इच्छा नव्हती का? होती. पण तिला माहीत होतं कुठं उठायचं. मुलाला वाटलं आई भित्री आहे.

वावरातला :

कडूलिंब भाऊ, तुम्ही लिवलं ते आजीले वाचून दाखवलं. ती म्हणे "हं." बस एवढंच. तिचं 'हं' लय डेंजर असते.

मी माह्यी गोठ सांगतो, आतापर्यंत घरच्यायशिवाय कोणाले सांगितली नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलले दहा हजाराच्या वर गेला होता, आठवत असन सगळ्यायले, काही ठिकाणी तर बारा तेरा. माहा कापूस मी दिवाळीतच साडेआठनं देऊन मोकळा झालो होतो. वर्षभर हात चोळले. बायकोसमोर, मित्रायसमोर, सगळ्यायसमोर. मंग पुढच्या सालात काय केलं, वेचणी झाली का कापूस घरात. सगळ्या गावानंच तसं केलं म्हणा. भाव साडेआठ होता, नऊ बी झाला मधात, मी म्हटलं नाही, दहा. दहा म्हणजे दहा.

आमचं घर दोन खोल्याचं. मधली खोली छतापर्यंत कापसानं भरली. पोराचं दप्तर ठेवाले जागा नाही, आजीची खाट पडवीत. फेब्रुवारीपर्यंत ठीक होतं, मंग उन्हाळा लागला तसे त्या कापसात बारीक किडे झाले अन् सगळ्यायच्या अंगाले खाज. पोराच्या पाठीवर लाल लाल पुरळ, डॉक्टरनं मलम लिवून देलं अन् म्हणे कापूस बाहेर काढा. बाहेर कुठं काढू? रात्री मी त्याच खोलीच्या दारात झोपो, कोणी नेईन म्हणून, अन् मोबाईलवर भाव पाहो. रात्री बारा वाजता कोणता बाजार उघडा असते? तरी पाहो. खाजवत खाजवत पाहो. कापूस वाळून वजनातबी घट आली ते वेगळंच.

जूनमध्ये बियाण्याले पैसे पायजे होते तवा सात हजार दोनशेनं देला. व्यापारी गाडी घेऊन आला, तीन तासात खोली रिकामी. भिंतीले नुसते धागे चिकटून. त्या रात्री पोरगं त्या रिकाम्या खोलीत लोळून लोळून हासत होतं, एवढी जागा झाली म्हणून.

तर पिक्चरमध्ये विनायक पिठाच्या रिंगणात बसून लंगोटाकडं पाहून रायला तवा मले माही खोली दिसली. म्हणून धागा काढला, दुसरं काही नाही.

कडूलिंब :

वावरातले भाऊ, वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. पण तुम्ही स्वतःला विनायक म्हणू नका, हे मी होऊ देणार नाही.

हिशोब मांडा. त्या साली हमीभाव मध्यम धाग्याला ६०८०, लांब धाग्याला ६३८०. बियाणं, खत, फवारणी, निंदण, आणि वेचणीची मजुरी किलोवर, हे सगळं कापूस विकायच्या आधी खिशातून गेलेलं. दहा हजार मागणारा शेतकरी लंगोट मागत नव्हता, आदल्या वर्षी जो भाव खरोखर मिळाला होता तोच मागत होता. बाजारानं भाव खाली आणला, सरकी-रुईचे भाव जगात कुठं हलतात आणि आर्णीच्या खोलीत खाज सुटते. याला तुमची तण्हा म्हणणं म्हणजे हस्तरला हावरट म्हणण्यासारखंच आहे. सगळा दोष माणसाच्या मनात टाकला की व्यवस्थेला कोणी विचारत नाही.

वावरातला :

भाऊ तुमचं सगळं बरोबर हाय. पण नऊ हजार झाला होता तवा मी काहून देला नाही? नवात खर्च निघत होता, कर्जबी निघत होतं. ते व्यवस्थेनं नाही केलं, ते म्या केलं. नऊ भेटले असते तर पोराची पाठ अशी झाली नसती. साडेआठले भूक होती म्हणा, नवाच्या पुढं काय होतं ते मले माहीत हाय, मी तठी होतो.

बोंडअळी :

भाऊ, नेहमी फालतू कमेंट टाकतो मी, आज एक खरी टाकतो. मागं मोबाईलवर पत्त्याचा खेळ लागला होता मले, पैसे लावून. पहिल्या दिवशी पाचशेचे बाविसशे झाले. बाविसशे! वावरात दिवसभर राबून किती भेटतात ते तुम्हाले माहीत हाय. तठीच थांबलो असतो तर. चार महिन्यात अठरा हजार गेले, त्यातले सहा बहिणीच्या शिलाई मशीनचे होते. गंमत अशी का हरत होतो तवा नाही, जिंकत होतो तवाच जास्त जीव खालीवर होये. जिंकलो का पोटात कसं तरी व्हायचं, अजून एक डाव, अजून एक डाव. ॲप डिलीट करून दीड वर्ष झालं, पण कुठंबी पत्ते पिसायचा आवाज आला का अंगठा आपोआप हलते 😐

निळी_पाटी :

बोंडअळी दादा, लिहिलंत ते बरं केलं. संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका संग्रहात, गळाचा दृष्टांत आहे, कोळी गळाला मांस लावून टाकतो, मासा मांस बघतो, गळ नाही. मला तुंबाडमध्ये हेच भारी वाटलं होतं, विनायकाला वाटतं कणकेची बाहुली हा गळ आपण हस्तरसाठी टाकलाय. दोराला लटकून विहिरीत कोण उतरलंय ते तर बघा.

आता कडूलिंब दादा आणि वावरातले दादा यांच्या भांडणात मध्ये पडते, शिव्या देऊ नका. मला वाटतं दोघं दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरताय. पालीत इच्छेला एकच शब्द नाही. छन्द आहे, तो चांगलाही असतो, पीक चांगलं यावं, पोरगी शिकावी, हा छन्द. तण्हा वेगळी. आणि भुकेला तर तिसराच शब्द, जिघच्छा. धम्मपदात २०३ वी गाथा आहे, "जिघच्छा परमा रोगा", भूक हा सगळ्यात मोठा रोग. भुकेला तण्हा म्हटलेलं नाही, रोग म्हटलंय, आणि रोगावर उपदेश नाही करत, औषध देतात.

या गाथेची अट्ठकथेतली, म्हणजे जुन्या पाली टीकेतली, गोष्ट ऐका, शेतकऱ्याचीच आहे. भगवान आळवी नावाच्या गावी जातात, जेतवनापासून तीस योजनं चालून, फक्त एका गरीब माणसासाठी, कारण त्याला धम्म समजेल हे त्यांना दिसलेलं असतं. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवतो. तो बिचारा उपाशीपोटी रानात बैल शोधत फिरतो. इकडं भोजन झालंय, सगळं गाव ऐकायला बसलंय, आणि भगवान गप्प. बोलतच नाहीत. उशिरा हा माणूस धापा टाकत येतो, तर पहिलं वाक्य काय, उरलेलं अन्न आहे का? याला बसवा, वाढा. तो जेवला, दम खाल्ला, मग प्रवचन. नंतर भिक्खू कुरकुर करतात की भगवान कधी कोणाच्या जेवणाची चौकशी करत नाहीत, आज काय झालं. तेव्हा ही गाथा.

म्हणजे हस्तरपुढं भगवान आले असते तर आधी ताट आलं असतं, एवढं मी खात्रीनं म्हणेन. विनायकापुढं आले असते तर ताटाचा उपयोग नव्हता, तो जेवून आलेला होता.

अजून एक, कडूलिंब दादांसाठी. महानिदान सुत्तात साखळी आहे, तण्हेतून शोधाशोध, शोधातून लाभ, मग हे माझं, मग कंजुषी, मग राखण, आणि राखणीतून काठ्या-तलवारी. बाबासाहेबांनी हे ग्रंथात घेतलंय, "तृष्णेचा त्याग म्हणजे धम्म" हे सांगतानाच. म्हणजे तृष्णा ही फक्त मनातली गोष्ट नाही, वाडे आणि साखळ्या तिच्यातूनच उभ्या राहतात, हे त्यांनाही म्हणायचं होतं. आणि त्याच ग्रंथात अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची सुखं आहेत, कष्टानं मिळवलेली संपत्ती असण्याचं सुख, ती भोगण्याचं, निर्दोष जगण्याचं, आणि एक कर्ज नसण्याचं सुख, अनणसुख. कर्ज नसणं हे सुख आहे असं अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी यादीत घालून ठेवलंय, मला हे वाचून रडू आलं होतं, माझे बाबा पण वावरच करतात.

कडूलिंब :

अनणसुख. हे मी वाचलेलं आहे आणि तरी लक्षात राहिलं नव्हतं. निळी_पाटी ताई, आळवीची गोष्ट आमच्या विहारात सांगतो पौर्णिमेला, तुमचं नाव घेऊन. नवाच्या पुढचं मात्र मी अजून सोडलं नाही वावरातले भाऊ, भेटलो की बोलू.

सातपुडा :

बरं, मी थोडा मागं येतो. पण पूर्ण नाही. शेवटी बाप लंगोट पुढं करतो आणि पांडुरंग नको म्हणतो, बापाला पेटवून देतो, तिथं तुमचा निरोध, म्हणजे तण्हा संपणं, का काय तो झाला असं कोणी लिहील म्हणून आधीच सांगतो, ते पोरगं रडत असतं. ती मुक्ती नाही, ते पोराचं रडणं आहे.

पाऊसवेडी :

मुक्ती नसेल. पण शाळेत मी बावीस वर्षं बघतेय, बापाच्या हातातलं "नको" म्हणणारं पोर मी बोटावर मोजण्याइतकी पाहिलीत, आणि त्यातलं एकही न रडता म्हणालं नाही.

उमरेडची सून :

आमच्या चुलतसासऱ्यांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, "बैल विकायला नको होता." आणि परत पेपर वाचायला लागले.

वावरातला :

आज उघडला पाऊस, उद्या डवरे चालतीन. वाचन करून आलो, मंग आजीले निळी_पाटी ताईची आळवीची गोठ सांगितली, पूर्ण, जशी लिवली तशी. पडवीत खाटेवर बसून सुपारी कातरत ऐकत होती. मले वाटलं आता ती पेताबद्दल काहीतरी बोलन, हस्तरले सोडून देईन नाहीतर धरून ठेवीन. सगळं झाल्यावर तिनं इचारलं, "अन् बैल?"

म्हटलं बैलाचं काय?

"सापडला का नाही त्याचा बैल?"

निळी_पाटी ताई, सांगा आता, ती झोपत नाही.

निळी_पाटी :

हो हो, सापडला! अट्ठकथेत आहे, बैल मिळाला, आधी त्याला कळपात नेऊन सोडला, आणि मग तो भगवानांकडे आला. म्हणून तर उशीर झाला.

वावरातला :

सांगितलं. म्हणे, "मंग ठीक हाय." झोपली.